सेप्टिक शॉकमध्ये हायड्रोकॉर्टिसोन: कधी सुरू करायचं, कसं द्यायचं, कधी थांबवायचं

नॉरअ‍ॅडचा (नॉरअ‍ॅड्रिनलिन, म्हणजे रक्तवाहिन्या आवळून बीपी वाढवणारं औषध) पंप तासागणिक वर चढतोय, मीन प्रेशर (सरासरी बीपी) मात्र ६० च्या आसपासच घुटमळतंय. अशा वेळी स्टिरॉइड, म्हणजे हायड्रोकॉर्टिसोन, सुरू करायचं का, हा प्रश्न आयसीयूत जवळजवळ रोज पडतो. कोणतं औषध द्यायचं हे आता बऱ्यापैकी ठरलेलं आहे. घोळ होतो तो सुरू करण्याच्या वेळेत, डोसच्या हिशेबात आणि थांबवायला विसरण्यात. हा लेख फक्त प्रौढ पेशंटबद्दल आहे. निवासी डॉक्टर, आयसीयूतल्या सिस्टर-ब्रदर आणि तालुक्याच्या गावी चार-सहा खाटांचा आयसीयू चालवणारे डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे.

औषध करतं काय

सेप्सिसमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि नॉरअ‍ॅडला दाद देईनाशा होतात. नायट्रिक ऑक्साइड वाढलेलं असतं, वाहिन्यांवरचे अल्फा रिसेप्टर कमी झालेले असतात. त्यात अ‍ॅड्रिनल ग्रंथी या आजाराला पुरेल इतकं कॉर्टिसोल बनवू शकत नाही, किंवा बनलेल्या कॉर्टिसोलला पेशी प्रतिसाद देत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनमुळे नायट्रिक ऑक्साइडची निर्मिती घटते आणि वाहिन्या पुन्हा नॉरअ‍ॅडचं ऐकू लागतात. मिठाचं आणि पाण्याचं धरून ठेवणं थोडं वाढतं, ते वेगळंच.

हे काम जनुकांच्या पातळीवर चालतं, म्हणून इंजेक्शन दिल्यावर दहा मिनिटांनी बीपी बघत उभं राहण्यात अर्थ नाही. फरक काही तासांनी दिसू लागतो, पूर्ण परिणाम यायला एखादा दिवस लागतो. आणि जंतू मारणं किंवा पोटातला पू काढणं हे या औषधाचं काम नाही. अँटिबायोटिक चुकलं असेल तर स्टिरॉइडने बीपी थोडा वेळ सावरतं आणि आपणच फसतो.

पुरावाही तेच सांगतो. ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि आणखी काही देशांत झालेल्या ‘अ‍ॅड्रिनल’ नावाच्या चाचणीत (२०१८) ३,८०० पेशंट घेतले होते. रोज २०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन मिळालेल्यांत ९० दिवसांचा मृत्युदर २७.९ टक्के होता, न मिळालेल्यांत २८.८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. पण शॉक चार दिवसांऐवजी तीन दिवसांत ओसरला. त्याच वर्षी आलेल्या फ्रान्समधल्या अ‍ॅप्रॉक्स चाचणीत हायड्रोकॉर्टिसोनच्या जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन होतं. तिथे मृत्युदर ४९.१ वरून ४३.० टक्क्यांवर आला. त्या चाचणीतले पेशंट मुळातच अधिक गंभीर होते, हे दोन्ही मृत्युदर शेजारी ठेवले की लक्षात येतं. आमच्या मते यातून घ्यायचं ते असं: शॉक लवकर सुटतो हे पक्कं, जीव वाचतो हे गंभीर पेशंटमध्ये शक्य, आणि सौम्य आजारात फायदा शोधू नये.

आधी शॉक खरा आहे ना ते बघा

सेप्टिक शॉक म्हणजे पुरेसे फ्लुइड देऊनही मीन प्रेशर ६५ राखायला व्हासोप्रेसर (नॉरअ‍ॅडसारखं बीपी चढवणारं औषध) लागतो आणि लॅक्टेट २ मिलिमोलच्या वर आहे. स्टिरॉइडचा विचार करण्याआधी पुढच्या गोष्टी झालेल्या हव्यात: कल्चर पाठवून पहिल्या तासात अँटिबायोटिक, पहिल्या तीन तासांत किलोमागे साधारण ३० मिली क्रिस्टलॉइड, म्हणजे सलाईनसारखं फ्लुइड (हृदय आणि फुप्फुसं बघून), आणि इन्फेक्शनचा उगम सापडलाय का याचं उत्तर. अडलेली किडनी, फुटलेलं अपेंडिक्स, कुजलेला मधुमेही पाय यांतलं काही असेल तर सर्जनला फोन आधी, हायड्रोकॉर्टिसोन नंतर.

नॉरअ‍ॅड वाढत राहण्याचं कारण दर वेळी सेप्सिसच असतं असं नाही. सेंट्रल लाइन टाकल्यावर झालेला न्यूमोथोरॅक्स, हृदयविकाराचा झटका, पोटात चाललेला रक्तस्राव, घसरलेलं आयोनाइज्ड कॅल्शियम, ७.१ पीएचचा अ‍ॅसिडोसिस. इको प्रोब छातीवर आणि पोटावर फिरवायला पाच मिनिटं लागतात. लाइन वाकलीय, पंपात सिरिंज नीट बसलेली नाही किंवा आर्टरी लाइनचा ट्रान्सड्यूसर खाटेच्या खाली लोंबतोय, हेही बघून घ्या. ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीपेक्षा १० सेंटिमीटर खाली असला तर प्रेशर साधारण ७ ने जास्त दिसतं, वर असला तर तेवढंच कमी.

नॉरअ‍ॅडचा हिशेब, आणि त्यातली मेख

‘सर्व्हायव्हिंग सेप्सिस’ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांच्या २०२१ च्या शिफारशीनुसार नॉरअ‍ॅड किंवा अ‍ॅड्रिनलिन किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त लागत असेल आणि व्हासोप्रेसर सुरू होऊन किमान चार तास झाले असतील, तर हायड्रोकॉर्टिसोन द्यावं. म्हणजे पंपावरचा ‘मिली प्रति तास’ हा आकडा पुरेसा नाही, तो किलोच्या हिशेबात आणावा लागतो.

पेशंट ६० किलोचा धरा. ०.२५ गुणिले ६० म्हणजे मिनिटाला १५ मायक्रोग्रॅम, तासाला ९०० मायक्रोग्रॅम. ५० मिलीच्या सिरिंजमध्ये ८ मिग्रॅ नॉरअ‍ॅड असेल तर एका मिलीत १६० मायक्रोग्रॅम, म्हणून उंबरठा तासाला ५.६ मिली. सिरिंजमध्ये ४ मिग्रॅच असेल तर ११.२ मिली. हे दोन आकडे आपल्या युनिटच्या भिंतीवर लावून ठेवावेत.

मेख पुढे आहे. अँप्युलवर कधी बायटार्ट्रेट या क्षाराचं वजन ठळक छापलेलं असतं, कधी नुसत्या नॉरअ‍ॅड्रिनलिनचं, म्हणजे बेसचं. २ मिग्रॅ बायटार्ट्रेटमध्ये बेस फक्त १ मिग्रॅ. सिरिंजमध्ये ‘८ मिग्रॅ’ भरलं असं म्हणताना ते वजन क्षाराचं असेल, तर ५.६ मिलीवर पेशंटला खरे ०.१२५ च मिळतायत. एका हॉस्पिटलमधला ०.२५ दुसऱ्यातल्या ०.५ इतका निघू शकतो. आम्ही बेस धरून मोजतो. तुम्ही काहीही धरा, पण सगळ्या शिफ्टनी एकच धरावं, आणि खरेदी विभागाने कंपनी बदलली की लेबल पुन्हा वाचावं.

वजन नजरेने ठरवू नका. ५० किलोच्या आजींसाठी ‘७०’ लिहिलं की सगळा हिशेब खोटा ठरतो.

या उंबरठ्यालाच व्हासोप्रेसिन हे दुसरं व्हासोप्रेसरही येतं. नॉरअ‍ॅड ०.२५ ते ०.५ च्या दरम्यान पोचलं की मिनिटाला ०.०३ युनिट जोडतात. व्हासोप्रेसिन आणि हायड्रोकॉर्टिसोन एकाच वेळी सुरू केले तरी चालतं. पण मग बीपी सुधारलं ते कशाने, हे कळत नाही, त्यामुळे चार्टवर दोन्हीच्या वेळा वेगवेगळ्या लिहा.

चार तास थांबायचं नसतं असे पेशंट

काहींना पहिल्या मिनिटापासून स्टिरॉइड लागतं, कारण त्यांची स्वतःची ग्रंथी बंद पडलेली असते. दमा, संधिवात, ल्युपस किंवा प्रत्यारोपणासाठी तीन आठवड्यांहून जास्त काळ रोज ५ मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोलोन घेणारे यात येतात. आपल्याकडे आणखी एक मोठा गट आहे: गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं ‘पुड्या’ किंवा विना-लेबलच्या गोळ्या खाणारे. अशा औषधांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. नातेवाईक ‘काही औषध चालू नाही’ असं सांगतात, कारण त्यांच्या लेखी ते औषध नसतंच. तेव्हा प्रश्न असा विचारा: ‘दुखण्यासाठी कुठून काही आणता का? मधे बंद केलं का?’ गोल चेहरा, पातळ झालेली कातडी, दंडावरचे निळे डाग हे डोळ्यांनी दिसतं.

अ‍ॅड्रिनलचा टीबी, जुना पिट्युटरीचा आजार, नुकतंच इंट्युबेशनसाठी दिलेलं एटोमिडेट, केटोकोनाझोल, रिफॅम्पिसिन हेही विचारात घ्या. सोडियम कमी, पोटॅशियम जास्त, शुगर कमी अशी त्रयी दिसली तर संशय पक्का होतो. अशा पेशंटला १०० मिग्रॅ लगेच शिरेतून, आणि पुढे २४ तासांत २००.

उलट बाजूला, शॉक नसलेल्या सेप्सिसमध्ये ‘शॉक येऊ नये म्हणून’ हायड्रोकॉर्टिसोन देऊ नका. जर्मनीतल्या हायप्रेस चाचणीत (२०१६) त्याने शॉक टळला नाही. गंभीर न्यूमोनिया हा स्वतंत्र विषय आहे, तिथे शॉक नसतानाही हायड्रोकॉर्टिसोनला जागा आहे, पण इन्फ्लुएंझा असेल तर नाही. डेंगीच्या शॉकमध्ये आणि सेरेब्रल मलेरियात स्टिरॉइड देत नाहीत. पावसाळ्यात ताप-शॉकचा पेशंट आला की प्लेटलेट, हिमॅटोक्रिट आणि स्मिअर बघितल्याशिवाय ‘सेप्टिक शॉक’ हे लेबल चिकटवू नये.

कॉर्टिसोल तपासावं का? निर्णयासाठी नाही. कॉर्टिकस चाचणीत (२००८) एसीटीएच टेस्टला (अ‍ॅड्रिनल ग्रंथीला चेतवून कॉर्टिसोल वाढतं का ते बघणारी तपासणी) प्रतिसाद देणारे आणि न देणारे, दोघांच्याही मृत्युदरात स्टिरॉइडने फरक पडला नाही. ग्रंथीच्या आजाराचा खरा संशय असेल तर पहिल्या डोसआधी एक नमुना काढून ठेवा आणि रिपोर्टची वाट न बघता औषध द्या. हायड्रोकॉर्टिसोन दिल्यानंतर काढलेलं कॉर्टिसोल वाचण्यात काही हशील नाही, कारण यंत्र आपणच दिलेलं औषध मोजतं.

भरणं आणि देणं

दिवसाचा डोस २०० मिग्रॅ. दर सहा तासांनी ५० मिग्रॅ शिरेतून, किंवा २४ तास पंपाने. दोन्ही चालतं.

व्हायल हायड्रोकॉर्टिसोन सोडियम सक्सिनेटची हवी, बहुधा १०० मिग्रॅची पावडर असते. सांध्यात देण्याचं हायड्रोकॉर्टिसोन अ‍ॅसिटेट पांढरं, गढूळ असतं, ते शिरेत द्यायचं नाही. नाव सारखं असल्यामुळे ही चूक होऊ शकते. पावडर २ मिली स्टराइल वॉटरमध्ये विरघळवली की १ मिलीत ५० मिग्रॅ. तेवढा १ मिली पुढे १० मिली सलाईनमध्ये पातळ करून काही मिनिटांत सावकाश द्या. उरलेली अर्धी व्हायल ‘पुढच्या डोससाठी’ उघडी ट्रॉलीवर ठेवायची पद्धत बंद करा. ठेवायचीच असेल तर कंपनीच्या कागदावर किती तास आणि किती तापमान लिहिलंय ते पाहून, वेळ लिहून.

पंपासाठी सोपं गणित: १०० मिग्रॅ सलाईनमध्ये एकूण ४८ मिली करा आणि तासाला ४ मिली ठेवा. सिरिंज १२ तास चालते, दिवसाला बरोबर २०० मिग्रॅ जातं. अ‍ॅड्रिनल चाचणीत सुरुवातीचा बोलस (एकदम दिलेला डोस) नव्हता, थेट इन्फ्युजन होतं. अनेक युनिट आधी ५० किंवा १०० मिग्रॅ देऊन मग पंप लावतात, तेही वाजवी आहे.

पंपाचा फायदा म्हणजे शुगर कमी हेलकावते. तोटा असा की सेंट्रल लाइनचा एक लुमेन (मार्ग) अडतो. मिडाझोलम, फेनिटॉइन किंवा सिप्रोफ्लोक्सासिनच्या लाइनमध्ये हायड्रोकॉर्टिसोन जोडू नका, साका धरतो. तीन लुमेनच्या लाइनवर आधीच नॉरअ‍ॅड, व्हासोप्रेसिन, सिडेशन आणि अँटिबायोटिक असेल तर सरळ दर सहा तासांचा डोस निवडावा. शिफ्ट बदलताना एखादा डोस राहून जाऊ नये म्हणून ६, १२, ६, १२ अशा वेळा ठरवून टाकलेल्या बऱ्या.

फ्लुड्रोकॉर्टिसोनबद्दल मतं विभागलेली आहेत. अ‍ॅप्रॉक्समध्ये रोज ५० मायक्रोग्रॅम राइल्स ट्यूबमधून (नाकातून पोटात जाणारी नळी), सात दिवस दिलं होतं. आपल्याकडे गोळी १०० मायक्रोग्रॅमची मिळते, म्हणजे अर्धी गोळी कुटून, पाण्यात, ट्यूबमधून, आणि नंतर २० मिली पाण्याने ट्यूब धुऊन. शॉकमधल्या आतड्यातून ते किती शोषलं जातं याची खात्री नसते. ट्यूबमधून फीड चालू असेल तर आम्ही देतो. पोट फुगलेलं असेल, ट्यूबमधून हिरवं येत असेल तर नाही, आणि त्यावाचून अडत नाही. २०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनमध्ये मिनरलोकॉर्टिकॉइडचा (मीठ-पाणी धरून ठेवण्याचा) परिणाम काही प्रमाणात असतोच.

डबल स्टिरॉइड

पेशंट रेफर होऊन येतो तेव्हा चिठ्ठीत बऱ्याचदा ‘हायड्रोकॉर्ट १००, डेक्सा ८’ असं असतं. हिशेब लक्षात ठेवा: २० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे ५ मिग्रॅ प्रेडनिसोलोन, ४ मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन, ०.७५ मिग्रॅ डेक्सामेथासोन. म्हणजे ८ मिग्रॅ डेक्सा हाच सुमारे २१३ मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोनइतका झाला आणि त्याचा परिणाम दीड-दोन दिवस शरीरात राहतो. दम्यासाठी मिथाइलप्रेडनिसोलोन ४० मिग्रॅ दिवसातून दोनदा चालू असेल तर ते ४०० मिग्रॅ हायड्रोकॉर्टिसोन झालं, वर आणखी नको.

डेक्सा स्वस्त आणि सगळीकडे मिळतं म्हणून सेप्टिक शॉकमध्ये तेच देण्याचा मोह होतो. त्यात मिनरलोकॉर्टिकॉइडचा परिणाम जवळजवळ नाही, आणि या आजारातला पुरावा हायड्रोकॉर्टिसोनचा आहे. मोठे डोस तर नकोतच. १९७०-८० च्या दशकांत किलोमागे ३० मिग्रॅ मिथाइलप्रेडनिसोलोन देत असत. ६० किलोच्या माणसाला ते १,८०० मिग्रॅ, म्हणजे आजच्या हिशेबाने ४५ दिवसांचं हायड्रोकॉर्टिसोन एका डोसात! १९८७ च्या मोठ्या चाचण्यांनी तो प्रकार बंद पाडला.

सुरू केल्यावर काय बघायचं

शुगर आधी. पहिल्या तासांत दर एक-दोन तासांनी, इन्सुलिनचा वेग स्थिरावला की चार तासांनी. सलग १८० च्या वर गेली की इन्सुलिन पंप, आणि लक्ष्य १४४ ते १८०. शॉकमध्ये बोटं थंड असताना टोचून काढलेली शुगर चुकीची येऊ शकते, आर्टरी लाइनमधून घ्या. स्टिरॉइड थांबवल्यावर इन्सुलिन तसंच चालू राहिलं तर शुगर कोसळते. स्टिरॉइड बंद करण्याच्या ऑर्डरखालीच इन्सुलिन कमी करण्याची ऑर्डर लिहावी.

सोडियम आणि पोटॅशियम रोज, शक्यतो दोनदा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सोडियम १५० च्या पुढे जायला लागलं की सलाईन कुठून कुठून जातंय ते मोजा: औषधं पातळ करण्यातच दिवसाला अर्धा-पाऊण लिटर सलाईन जाऊ शकतं. ट्यूबमधून पाणी वाढवा.

काउंटने घाबरू नका. स्टिरॉइडने पांढऱ्या पेशी वाढतात, ताप दबतो, सीआरपी (सूज दाखवणारी रक्ततपासणी) उतरतो. म्हणजे ‘काउंट २२ हजार झाला’ म्हणून अँटिबायोटिक चढवायचं नाही आणि ‘ताप नाही’ म्हणून निर्धास्तही राहायचं नाही. पोट तर विशेष फसवतं: आतडं फुटलेलं असूनही पोट मऊ लागतं. लॅक्टेट, लघवी आणि नॉरअ‍ॅडची दिशा यांवर जास्त भरवसा ठेवा.

अ‍ॅट्राक्युरियमसारखं स्नायू शिथिल करणारं औषध सोबत चालू असेल तर ते रोज थांबवता येतं का ते बघा, दोन्ही मिळून स्नायूंची ताकद जाते आणि व्हेंटिलेटर सुटायला उशीर होतो. शॉकमधल्या पेशंटला पँटोप्राझोल बहुधा चालूच असतं, शॉक गेला आणि फीड नीट लागलं की तेही बंद करा.

नवं इन्फेक्शन ही भीती खरी आहे, पण दिवसाला २०० मिग्रॅ, सात दिवस, एवढ्यात ती आटोक्यात राहते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने म्युकरमायकोसिस पाहिला तो मधुमेह, बेताल शुगर आणि गरजेपेक्षा जास्त किंवा लांबलेलं स्टिरॉइड यांच्या एकत्र येण्यातून. नाकातून काळपट स्राव, चेहऱ्याची एक बाजू सुजणं, डोळा दुखणं दिसलं तर त्याच दिवशी ईएनटीला बोलवा.

थांबवणं

व्हासोप्रेसर पूर्ण बंद होऊन २४ तास झाले की थांबवायचा विचार करा. शॉक रेंगाळला तरी सात दिवसांपुढे जाताना ‘का’ याचं उत्तर लेखी असावं. अ‍ॅड्रिनल आणि अ‍ॅप्रॉक्स दोन्हींत सात दिवसांनी एकदम बंद केलं होतं, हळूहळू उतरवलं नव्हतं. तेच सोपं आहे. काही युनिट तीन दिवसांत उतरवतात: ५० मिग्रॅ आठ तासांनी, मग बारा तासांनी, मग बंद. चूक नाही, पण ऑर्डर लांबत जाऊन पेशंट वॉर्डात दहाव्या दिवशीही हायड्रोकॉर्टवर दिसतो.

बंद केल्यावर एक-दोन दिवसांत बीपी पुन्हा पडलं तर आधी नवा सेप्सिस शोधा: लाइन, फुप्फुस, पोट. सोबत ५० मिग्रॅ सहा तासांनी पुन्हा चालू करा आणि या वेळी उतरवत बंद करा. जुन्या स्टिरॉइडवाल्यांचं मात्र कधीच शून्यावर आणायचं नाही, त्यांना त्यांच्या घरच्या डोसवर, काही दिवस दुप्पट ठेवून, परत न्यायचं.

नातेवाईक ‘स्टिरॉइड’ ऐकून दचकतात. त्यांना सांगावं की शरीर आजारात स्वतः बनवतं तेच हार्मोन आहे, बीपीच्या औषधाला मदत म्हणून थोडे दिवस देतोय, शुगर वाढेल आणि त्यासाठी इन्सुलिन लागेल, पेशंटला आधी मधुमेह नसला तरी. ‘याने बरा होईल का’ असं विचारलं तर खरं उत्तर द्या, की बरं होणं इन्फेक्शन काबूत येण्यावर आहे.

डिस्चार्ज कार्डवर पहिल्या आणि शेवटच्या डोसची तारीख लिहा. पुड्या खाणारा पेशंट असेल तर तेही ठळक, मराठीत, कारण घरी गेल्यावर दोन आठवड्यांनी उलट्या, गळून जाणं आणि कमी बीपी घेऊन तो गावच्या डॉक्टरांकडे जाईल, आणि हे कार्ड तेच वाचणार आहेत.